रांग परवडली, लिलाव नको

लिव्हरपूलच्या समोर, नदीपलीकडे बर्कनहेड आहे. तिथल्या 'हाफ मॅन हाफ बिस्किट' या बँडला १९८०च्या दशकात ब्रिटिश टीव्हीवरच्या एका गाजलेल्या संगीत कार्यक्रमाचं बोलावणं आलं. नव्या बँडचं नशीब एका रात्रीत फिरवणारा कार्यक्रम. यांनी नाही म्हटलं, कारण त्याच संध्याकाळी ट्रॅनमिअर रोव्हर्स या त्यांच्या फुटबॉल संघाचा सामना होता. सामन्याला वेळेत पोचवायला हेलिकॉप्टर देऊ, असं वाहिनीने सांगितलं म्हणतात. तरी नाहीच. आणि ट्रॅनमिअर म्हणजे काही जगज्जेता संघ नव्हे, तेव्हा तो इंग्लंडच्या चौथ्या विभागात गटांगळ्या खात होता.

शहाण्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. मला तो पटतो. मला दोन नाद आहेत, इंडी रॉकचा आणि खेळाचा, आणि हे दोन वेगळ्या जातींच्या माणसांचे नाद आहेत असं मला कधी वाटलं नाही. 'यो ला टेंगो' या बँडचं नावच घ्या ना. १९६२च्या न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघात एक खेळाडू व्हेनेझुएलाचा, त्याला इंग्रजी येईना. उंच चेंडू आला की 'मी घेतो' म्हणून ओरडणाऱ्या मधल्या क्षेत्ररक्षकाशी तो दर वेळी आपटायचा. शेवटी मधल्याने स्पॅनिश शब्द पाठ केले, 'यो ला टेंगो'. पुढच्या चेंडूला व्हेनेझुएलाचा गडी समजून थांबला, आणि ज्याला स्पॅनिशचा गंध नव्हता तो तिसराच धावत येऊन मधल्यावर आदळला. त्या मोसमात हा संघ १२० सामने हरला. अशा संघाच्या फजितीवरून बँडचं नाव ठेवावंसं वाटणं, याला मी खरं चाहतेपण म्हणतो.

तर अशा माणसाची काही मतं असतात. बहुतेक फुकटची, चहाच्या कपासोबत विरून जाणारी. दुसरा अल्बम नेहमी पहिल्यापेक्षा फसतो, बरोबरीतला सामना पेनल्टीवर संपवणं म्हणजे नाणं उडवणं, गायकाने प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगू नये. यातल्या एकासाठीही मी कुणाशी भांडणार नाही. एका गोष्टीवर मात्र भांडेन, ती म्हणजे तिकीट. ते कुणाला, कसं आणि कितीला विकावं, हा आता फक्त शौकिनांच्या कुरकुरीचा विषय राहिलेला नाही. त्यावर संसदेत सुनावण्या होतात, कायदे होतात.

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार. ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडच्या पुनर्मीलनाच्या कार्यक्रमांची तिकिटं त्या सकाळी ब्रिटनमध्ये विक्रीला आली. लाखो लोक तासन् तास ऑनलाइन रांगेत होते. साधारण १५० पौंडांचं उभ्याचं तिकीट घ्यायला ते थांबले होते, आणि नंबर लागला तेव्हा तेच तिकीट ३५५ पौंडांना समोर आलं. घ्यायचं की नाही हे ठरवायला मिळाली काही मिनिटं. एवढे तास घालवल्यावर माणूस काय करणार? बऱ्याच जणांनी दात-ओठ खात घेतलं. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने पुढे वर्षभर चौकशी केली. क्षणाक्षणाला भाव चढवणारा अल्गोरिदम त्यांना काही सापडला नाही. सापडलं ते फारच साधं होतं. उभ्याच्या तिकिटांचे दोन भाव आधीच ठरलेले होते, स्वस्त संपली की महाग सुरू, आणि रांगेतल्या माणसाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

लोक महागाईवर चिडले असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. मला ते अर्धंच खरं वाटतं. ३५५ पौंड हा भाव पहिल्या दिवसापासून उघड असता, तर शिव्या पडल्या असत्या, पण वेगळ्या. खरी चीड होती ती रांगेचा अर्थच पुसला गेल्याची. रांग हा एक करार असतो. जो आधी आला, जो थांबला, त्याला आधी. पैसेवाला असो की नसो, घड्याळ सगळ्यांचं सारखंच चालतं. इथे रांग लावून घेतली आणि रांगेच्या टोकाला लिलाव निघाला.

आता लिलावाच्या, म्हणजे जो जास्त मोजेल त्याला तिकीट, या बाजूने बोलणाऱ्याचं ऐकू. तो काही मूर्ख नाही. तो म्हणतो, जागा पन्नास हजार आणि येऊ पाहणारे पाच लाख, तर कुठल्या तरी चाळणीने माणसं गाळावीच लागणार. तुम्ही भाव कमी ठेवलात म्हणून तिकिटाची खरी किंमत कमी होत नाही. मधला फरक काळाबाजारवाला खातो. मग तो पैसा गाणाऱ्याच्या, खेळणाऱ्याच्या खिशात का जाऊ नये? अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या दौऱ्यातल्या काही जागांचे भाव २०२२ साली पाच हजार डॉलरच्या आसपास गेले, तेव्हा त्याने साधारण हाच बचाव केला होता. रंगमंचावर तीन-तीन तास घाम गाळतात त्यांना तो पैसा मिळू दे की. या युक्तिवादाची मला कीव येत नाही. कलावंताने दरिद्रीच राहावं, अशी अपेक्षा करणाऱ्या शौकिनांची जास्त येते.

पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की विकायचा माल रंगमंचावर किंवा मैदानात आहे आणि प्रेक्षक तो विकत घ्यायला आला आहे. हे खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं साऱ्या जगाने २०२०मध्ये पाहिलं. १६ मे २०२०ला जर्मनीतली फुटबॉल लीग, बुंडेसलिगा, रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाली. डॉर्टमुंडने शाल्केला ४-० हरवलं. एरवी या सामन्याला कान फाटतात. त्या दिवशी चेंडूला बूट लागल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि गोल झाल्यावर खेळाडू हात हातभर अंतरावर राहून नाचले. पुढे वाहिन्यांनी रेकॉर्ड केलेला गोंगाट सामन्यांवर चिकटवला. एका क्लबने चाहत्यांचे पुठ्ठ्याचे फोटो खुर्च्यांत उभे केले. जे नुसतं गिऱ्हाईक असतं, त्याचा पुतळा कुणी दुकानात उभा करत नाही.

लिव्हरपूलचं उदाहरण तर याहून बोलकं. ॲनफिल्ड या आपल्या घरच्या मैदानावर हा फुटबॉल संघ २०१७ ते जानेवारी २०२१ सलग ६८ लीग सामने हरला नव्हता. मग रिकाम्या ॲनफिल्डवर बर्नलीने हरवलं, आणि बघता बघता घरच्या मैदानावर लागोपाठ सहा सामने गेले. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्या मोसमात त्यांचे मुख्य बचावपटू दुखापतींनी बाहेर होते, ते कारण मोठंच. पण समोर भिंतीसारखी उभी राहणारी माणसं नव्हती, हेही कारण होतं. प्रेक्षक नसले की घरच्या संघाचा फायदा घटतो, एवढं त्या काळातल्या सामन्यांतून पुरेसं दिसून आलं.

याच मैदानाची आणखी एक गोष्ट. ६ फेब्रुवारी २०१६. नव्या मोसमात काही तिकिटं ७७ पौंडांना करायचं मालकांनी ठरवलं होतं, तोवर सगळ्यात महाग तिकीट ५९चं होतं. संडरलंडविरुद्ध लिव्हरपूल २-०ने पुढे होता. बरोबर ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि चालू लागली. उरलेल्या मिनिटांत संडरलंडने दोन गोल केले, सामना २-२. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. माणसं गेली म्हणून गोल झाले असं मी शपथेवर सांगणार नाही, पण या गोष्टीला मीठमसाला लावायची गरज पडत नाही.

संगीतातला पुरावा मोजता येत नाही, ऐकता येतो. व्हाइट स्ट्राइप्सच्या २००३मधल्या एका गाण्याची सात सुरांची धून आज जगभरच्या मैदानांत घुमते. ती कुठल्या जाहिरात कंपनीने तिथे नेली नाही. ऑक्टोबर २००३मध्ये बेल्जियमच्या क्लब ब्रुगचे पाठीराखे मिलानमध्ये सामन्याआधी एका बारमध्ये बसले होते. तिथे ते गाणं लागलं, आणि ते त्यांच्या तोंडात बसलं. संघाने त्या रात्री एसी मिलानला हरवलं, मग काय, धून घरी आली. तिथे खेळायला आलेल्या रोमा या इटालियन संघाच्या पाठीराख्यांनी ती उचलली, आणि २००६च्या विश्वचषकात सारी इटली शब्दांविना ती गात होती. सांगायचा मुद्दा, मैदानातलं सगळ्यात ओळखीचं संगीत दूरच्या गावी संघामागे हिंडणाऱ्या माणसांनी, पदरमोड करून, फुकटात तयार केलं. त्याचं बिल त्यांनी कुणाला पाठवलं नाही. उलट त्याच वातावरणाच्या नावाखाली त्यांच्या तिकिटाचे भाव वाढले.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे महाग तिकीट घेणारा खरा चाहता नव्हे? तसं मी मुळीच म्हणत नाही. श्रीमंत माणूसही गाण्याने रडतो. प्रश्न एकदा येणाऱ्याचा आणि वारंवार येणाऱ्याचा आहे. ज्याला वर्षातून एकच मोठी रात्र साजरी करायची आहे, तो कर्ज काढूनही ३५५ भरेल. वर्षाला बँडचे तीस कार्यक्रम ऐकायला जाणारा, संघाच्या प्रत्येक सामन्याला जाणारा ते तीसदा कसं भरणार? लिलावाची चाळणी गरीब-श्रीमंत एवढंच पाहत नाही, ती सवयीवरच कर लावते. आणि चाहतेपण म्हणजे सवयच. पावसात, मंगळवारी, संघ सलग पाच हरलेला असताना जाणं. बँडचा चौथा अल्बम सुमार आहे हे माहीत असूनही पहिल्या रांगेत उभं राहणं. ही सवय मोडली की उरतो तो प्रसंग. नादाचा सोहळा होतो, आणि सोहळ्याला माणसं फोटो काढायला येतात.

स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांनी १९८०पासून चालवलेलं 'बॅकस्ट्रीट्स' हे नियतकालिक फेब्रुवारी २०२३मध्ये बंद झालं. त्रेचाळीस वर्षं! ते बंद करताना संपादकांनी त्या तिकीटभावांनी आपला हिरमोड झाल्याचं लपवलं नाही. आमच्या वाचकांतल्या अनेकांना आता जाणंच परवडत नाही, मग लिहायचं कुणासाठी, असा त्यांचा सूर होता. घाम गाळणाऱ्याला पैसे मिळाले, ठीक. पण चार दशकं ज्यांनी त्याच्यासाठी शाई गाळली, ते उठून गेले. हा तोटा कुठल्या वहीत मांडायचा?

काळ्याबाजाराचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण लिलाववाल्यांचं सगळ्यात भक्कम अस्त्र तेच आहे. त्याला उत्तर आहे आणि ते वापरूनही झालं आहे. 'द क्युअर' या ब्रिटिश बँडने २०२३च्या अमेरिका दौऱ्यात चढते भाव नाकारले, काही तिकिटं वीस डॉलरला ठेवली आणि जिथे कायद्याने शक्य होतं तिथे ती दुसऱ्याच्या नावावर करायला बंदी घातली. ज्याला जमणार नाही त्याने मूळ किमतीला परत विकावं, बस्स. न्यूयॉर्क, इलिनॉय, कोलोरॅडो या राज्यांत मात्र तिथले कायदे आडवे आले. तिकीट खुशाल हस्तांतरित करता आलं पाहिजे, असं ते कायदे सांगतात. ग्राहकाच्या हक्कासाठी केलेली तरतूद दलालाच्या कामी आली. त्यात पुन्हा विक्री कंपनीचं शुल्कच काही ठिकाणी तिकिटाच्या किमतीएवढं झालं. गायक रॉबर्ट स्मिथ चारचौघांत संतापला, आणि कंपनीने स्वस्त तिकिटांवर दहा, बाकीच्यांवर पाच डॉलर परत केले. आयर्लंडने तर २०२१मध्ये कायदाच केला, मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट मूळ किमतीपेक्षा जास्तीला विकायचं नाही. म्हणजे फरक दलालाने खायचा की मालकाने, एवढे दोनच पर्याय आहेत असं जे दाखवलं जातं ते खरं नाही. तो फरक कुणीच खाऊ नये, हा तिसरा पर्याय आहे.

मात्र नुसतं स्वस्त तिकीट पुरणार नाही, कारण मोठ्या गर्दीतला दर्दी कुठे तरी आधी तयार व्हावा लागतो. ओएसिसचंच पाहा. मे १९९३मध्ये ग्लासगोच्या 'किंग टट्स'मध्ये क्रिएशन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीच्या ॲलन मॅगीने त्यांना ऐकलं आणि करार करायचं ठरवलं. ती जागा तीनशे माणसांची. स्टेडियम भरणारा प्रत्येक रॉक बँड अशाच कुठल्या तरी घामट, बुटक्या छताच्या खोलीतून आलेला असतो, आणि त्याचा प्रेक्षकही तिथेच घडलेला असतो. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात अशा १२५ जागा गेल्या, असं अशा जागांसाठी काम करणाऱ्या तिथल्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टचं म्हणणं आहे. कुठे भाडं वाढलं, कुठे वीजबिल, कुठे शेजारी आलेल्या नव्या इमारतीतल्या रहिवाशांना आवाज खपेना.

या बाबतीत फुटबॉल, ज्याला आपण पैशाने बरबटलेला म्हणतो, तो संगीतापेक्षा सरळ निघाला. खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली झाली की त्या रकमेतले पाच टक्के, तो १२ ते २३ या वयात ज्या ज्या क्लबांत शिकला त्यांच्यात वाटले जातात. फिफाचा तसा नियमच आहे. एखाद्या आडगावच्या क्लबने पोरगं दोन वर्षं खेळवलं असेल, तर पुढे त्याची कोट्यवधींची उडी झाली की त्या क्लबच्या नव्या छपराचे पैसे निघू शकतात. संगीतात असं काय आहे? किंग टट्सला स्टेडियमच्या तिकिटातला एक पैसाही देणं कुणावर बंधनकारक नाही. फ्रान्सने यावर इलाज केला आहे. तिथे लोकप्रिय संगीताच्या कार्यक्रमाच्या तिकिटावर साडेतीन टक्के कर लागतो आणि तो संगीतक्षेत्रासाठीच खर्च होतो. ब्रिटनच्या संसदीय समितीने २०२४मध्ये मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांमागे अशीच वर्गणी घ्यावी असं सुचवलं, आणि कोल्डप्लेने कायद्याची वाट न पाहता २०२५च्या ब्रिटनमधल्या कार्यक्रमांच्या आपल्या उत्पन्नातले दहा टक्के छोट्या जागांसाठी दिले. कोल्डप्लेची गाणी मला आता फारशी आवडत नाहीत. पण या कामासाठी मी त्यांना शंभर गुन्हे माफ करीन.

माझ्यासारख्या इंडीवाल्यांच्या अंगात एक खोड असते. बँड मोठा झाला की तो 'विकला गेला' म्हणायचं आणि पुढच्या अनोळखी बँडकडे वळायचं. स्टेडियमच्या भावांशी आपला काय संबंध, असा तोरा. मला तो लटका वाटतो. तीनशेंची खोली आणि पन्नास हजारांचं मैदान एकाच ओढ्याचे दोन टप्पे आहेत, वर पाणी अडलं तर खाली चिखलच उरणार. फुटबॉलच्या चाहत्यांना हे आमच्या आधी कळलं. फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मन लीगच्या प्रक्षेपण हक्कांतला वाटा एका गुंतवणूकदाराला विकायची बोलणी चालली होती. पाठीराख्यांनी दर आठवड्याला मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. टीव्हीवर ते हास्यास्पद दिसत होतं, धिप्पाड खेळाडू पिवळे चेंडू वेचताहेत. पण त्याच महिन्यात तो व्यवहार गुंडाळला गेला. तिथे क्लबमधली बहुसंख्य मतं सदस्यांच्याच हाती ठेवणारा नियम आहे, त्यामुळे ओरडणाऱ्याला मताचं वजनही असतं. गाण्याच्या चाहत्याकडे असा काही दांडका नाही. त्याच्या हातात आहे तो फक्त कलावंत, आणि कलावंताने ठरवलं तर पुष्कळ होतं.

'फुगाझी'ने ते ठरवलं होतं. वॉशिंग्टनचा हा बँड १९८७ ते २००२ या काळात वाजवत राहिला. शक्य तिथे तिकीट पाच डॉलर, आणि कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश. ते वाजवत असताना कुणी पुढे धक्काबुक्की करून इतरांना त्रास देऊ लागला की ते गाणं थांबवायचे. त्या इसमाला बाहेर काढायचे आणि त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून त्याच्या हातात ठेवायचे. तशी पाकिटं तयारच असत. रंगमंचापुढच्या गर्दीतल्या प्रेक्षकाला एवढं स्पष्ट बोलायची सोय त्यांना त्या पाच डॉलरनीच करून दिली होती. ज्याने ३५५ मोजलेत तो ती रात्र विकत घेतल्यासारखा वागतो. हळुवार गाण्यात मोठ्याने बोलतो, दोन तास फोन उंच धरतो, मागच्याच्या डोळ्यांसमोर. त्याला पाकीट कोण देणार, आणि त्यात किती घालणार?